ऊर्जेचा बाजार आणि धम्माचे विरिय

आपल्या वस्तीच्या तोंडाशी पूर्वी दोनच फलक दिसायचे. एक जयंतीचा, दुसरा मोर्चाचा. गेल्या काही वर्षांत त्यांच्या शेजारी तिसरा फलक येऊन उभा राहिला आहे. 'मंत्र, योग आणि मुक्त नृत्यातून आपली आंतरिक ऊर्जा जागृत करा. तीन दिवसांचे निवासी शिबिर. जागा मर्यादित.' खाली शुल्काचा आकडा आणि मोबाईल नंबर. या फलकावर हल्ली तथागतांचे चित्रही असते. तथागतांच्या पोटावर, छातीवर, कपाळावर सात रंगांची सात चक्रे रंगवलेली असतात. फलक लावणाऱ्याला आपली वस्ती कोणाची आहे हे नेमके ठाऊक असते.

या फलकावर टीका करणे सोपे आहे. मीही ती अनेक सभांतून केली आहे. 'हा मनुवाद्यांचा नवा सापळा आहे' असे म्हणून टाळ्या घेतल्या आहेत. परंतु गेल्या वर्षी एक प्रसंग घडला आणि माझे भाषण मलाच अपुरे वाटू लागले. तो प्रसंग आधी सांगतो, कारण प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

आमच्या तालुक्यात एक जुने कार्यकर्ते आहेत. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालची कितीतरी प्रकरणे त्यांनी माझ्या टेबलापर्यंत आणली. साक्षीदार फुटू नये म्हणून त्याच्या घरी मुक्कामाला राहणारा हा माणूस. पंचनाम्याची नक्कल, वैद्यकीय दाखला, जातीचा दाखला, सगळे एका कापडी पिशवीत घालून दर तारखेला हजर. असे दादा एकदा तारखेला आले नाहीत. दुसऱ्यांदाही आले नाहीत. चौकशी केली तर समजले की, ते अशाच एका शिबिरात गेले होते. तिथे त्यांना एक मंत्र कानात सांगितला होता आणि तो कोणाला सांगायचा नाही, अशी ताकीद दिली होती. पहाटे श्वासाचे प्रकार, दुपारी आसने, रात्री डोळ्यांवर पट्टी बांधून ढोलाच्या तालावर नाच. पुढच्या पायरीचे शुल्क वेगळे. आणि सांगण्यात आले की, कोर्ट, पोलीस ठाणे, मोर्चे यांतून नकारात्मक ऊर्जा अंगात शिरते, तेव्हा काही काळ त्यापासून दूर राहावे.

एके दिवशी वहिनीच कार्यालयात आल्या. म्हणाल्या, "वकीलसाहेब, यांनी शुगरच्या गोळ्या बंद केल्या. पायाला जखम झालीय, दाखवत नाहीत. म्हणतात, मंत्राने भरून येईल." आम्ही दादांना सरकारी रुग्णालयात नेले. पायाचे एक बोट काढावे लागले. पाय वाचला.

रुग्णालयात मी त्यांच्यावर चिडलो. बावीस प्रतिज्ञांची आठवण करून दिली. दादांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "वकीलसाहेब, बोट गेलं ती माझी चूक. मान्य. पण त्या तीन दिवसांत मी कित्येक वर्षांनी पहिल्यांदा रात्रभर झोपलो, तेपण खोटं नाही. तुम्ही मला इतकी वर्षं तारखा दिल्या. झोप कोणी दिली?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. हा लेख त्या उत्तराचा प्रयत्न आहे.

पहिली गोष्ट कायद्याची, कारण तिथे संदिग्धता नाही. १९५४ चा औषधे आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आजही लागू आहे. त्या कायद्यात 'जादुई उपचार' या शब्दाची व्याख्या करताना तावीज, मंत्र, कवच असे शब्द स्पष्टपणे घातले आहेत. रोग बरा करण्याची चमत्कारी शक्ती मंत्रात आहे, अशी जाहिरात करणे हा गुन्हा आहे आणि त्या कायद्याच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. दुसरा कायदा आपल्या महाराष्ट्राचा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यांनी ज्यासाठी आयुष्य वेचले तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड अशी त्यात शिक्षा आहे. हा कायदा कोणाच्या घरातल्या उपासनेला, भजनाला, वंदनेला हात लावत नाही. ज्यातून कोणाला शारीरिक इजा किंवा आर्थिक नुकसान होत नाही, ते कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. म्हणजे तुम्ही काय पुटपुटता हा कायद्याचा प्रश्न नाही. त्या पुटपुटण्याच्या नावावर कोण कोणाचे औषध तोडतो आणि खिसा कापतो, हा कायद्याचा प्रश्न आहे. अशा प्रकरणी कार्यकर्त्यांनी पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्यावी.

परंतु कायदा फलक उतरवू शकतो, झोप देऊ शकत नाही. त्यासाठी धम्माकडेच जावे लागेल.

आपल्यातले काही बांधव म्हणतात, ध्यान, श्वास, आसन हे सगळे ब्राह्मणी आहे, बाबासाहेबांच्या बौद्ध धम्माला त्याची गरज नाही. दुसरे बांधव म्हणतात, धम्म म्हणजेच ध्यान, बाकी सारे राजकारण. मला वाटते, दोघांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' पुन्हा उघडून बघावा. हा ग्रंथ १९५७ साली, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रसिद्ध झाला. बुद्धाने काय शिकवले याविषयी लोकांच्या नाना कल्पना आहेत, हे सांगताना बाबासाहेब तिथे समाधीचा आणि विपश्यनेचाही उल्लेख करतात. नंतर ते विचारतात की, बुद्धाला सामाजिक संदेशच नव्हता काय? न्याय, मैत्री, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे बुद्धाने शिकवले नाही काय? आणि त्यांचे उत्तर ठाम होकाराचे आहे. म्हणजे धम्माला डोळे मिटून बसण्यापुरता करणाऱ्यांना तिथे जागा नाही.

पण त्याच ग्रंथात अष्टांगिक मार्ग संपूर्ण आहे. सम्यक व्यायाम आहे, सम्यक स्मृती आहे, सम्यक समाधीही आहे. त्यातला एकही बाबासाहेबांनी गाळलेला नाही. उलट समाधी आणि सम्यक समाधी यांतला फरक त्यांनी काळजीपूर्वक सांगितला आहे. नुसती समाधी तात्पुरती असते, ती मनाला काही काळ थांबवते. सम्यक समाधी मनाला कुशलाचा विचार करण्याची कायमची सवय लावते आणि चांगले कर्म करण्यासाठी लागणारी चालना देते. बांधवांनो, ही चालना म्हणजेच शक्ती. फलकवाले जिला ऊर्जा म्हणून विकतात, तिची बाबासाहेबांनी केलेली व्याख्या ही अशी आहे. बसून उठल्यावर माणूस कोणत्या कामाला लागतो, यावर ती मोजायची.

पाली भाषेत या शक्तीला शब्द आहे, विरिय. पंच इंद्रियांत विरिय आहे, सात बोध्यंगांत विरिय आहे, दहा पारमितांत विरिय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आपल्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी ज्या प्रतिज्ञा घेतल्या, त्यांत दहा पारमितांच्या पालनाची प्रतिज्ञा आहे. म्हणजे विरिय वाढवण्याचे वचन आपल्या घरात दिलेले आहे. पण हे विरिय आकाशातून उतरत नाही, पाठीच्या कण्यातून सर्पासारखे वर चढत नाही, गुरूच्या हातातून शिष्याच्या डोक्यात ओतता येत नाही. अकुशल टाळणे, आलेले काढणे, कुशल निर्माण करणे, असलेले टिकवणे, हे चार प्रयत्न म्हणजे विरिय. ते ज्याचे त्याने करायचे असते. म्हणून ते विकतही घेता येत नाही.

आता मंत्राकडे येऊ. दीघ निकायातल्या तेविज्ज सुत्तात तथागत वासेट्ठ नावाच्या तरुणाला अचिरवती नदीचा दृष्टांत देतात. नदी काठोकाठ भरली आहे, माणसाला पलीकडे जायचे आहे, आणि तो अलीकडे उभा राहून पलीकडच्या काठाला हाका मारतो आहे. काठ चालत येईल काय? वासेट्ठालाही नाही म्हणावे लागते. वेदमंत्रांनी ब्रह्माला आळवणाऱ्यांसाठी दिलेला हा दृष्टांत आहे. त्याच निकायातल्या केवट्ट सुत्तात नालंद्याचा एक गृहस्थ तथागतांना सुचवतो की, एखाद्या भिक्खूकडून चमत्कार करून दाखवा, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. तथागत नकार देतात. लोक त्याला एखादी विद्या, एखादा मंत्र समजतील, असे सांगतात. त्यांच्या दृष्टीने श्रेष्ठ चमत्कार एकच, तो म्हणजे शिकवण.

मग कोणी विचारेल, आपली वंदना काय आहे? त्रिशरण, पंचशील आपणही पालीत म्हणतो. अनेकांना त्याचा अर्थ येत नाही. घरी आजारपण आले की परित्राण पाठ ठेवतो, पाण्याचा तांब्या ठेवतो, मनगटाला धागा बांधतो. हे मंत्रापेक्षा वेगळे कसे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्यात आपले स्वतःचे दोष दिसतात. फरक असा आहे की, मंत्राचा अर्थ कळला नाही तरी चालतो, किंबहुना तो कळू नये अशीच व्यवस्था असते. कानात सांगायचा, कोणाला सांगायचा नाही. पंचशील हे उघड्यावर, सर्वांच्या समोर, स्वतःला दिलेले वचन आहे. हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, खोटे बोलणार नाही, दारू पिणार नाही. यातला अर्थ काढून टाकला तर मागे नुसता आवाज उरतो. ज्या दिवशी आपण पंचशील अर्थ न समजता म्हणतो, आणि ज्या दिवशी पंचशील म्हणून आलेला माणूस संध्याकाळी दारूच्या गुत्त्यावर सापडतो, त्या दिवशी आपण त्याचा मंत्र केलेला असतो. बौद्धाचार्यांनी प्रत्येक वंदनेनंतर मराठीत अर्थ सांगितला पाहिजे, तो त्यासाठी.

एकत्र, एका सुरात वंदना म्हटल्याने मन शांत होते, हे मला मान्य आहे. श्वास लांब होतो, शेजारचा आवाज आपल्याला धरून ठेवतो. त्यात चमत्कार काही नाही आणि लाज वाटण्यासारखेही काही नाही. तिबेटचे आणि जपानचे बौद्ध बांधव मंत्र म्हणतात, वज्रयानात चक्रांची कल्पनाही आहे. त्यांचा अवमान करण्याचे कारण नाही. पण बाबासाहेबांनी आपल्याला जो धम्म दिला, त्यात गुप्त विद्येला स्थान नाही. आपल्या वस्तीतल्या फलकावर तथागतांच्या देहावर चक्रे रंगवणारा माणूस ल्हासाहून आलेला नसतो. बुद्धाला विष्णूचा अवतार म्हणण्याला आपण प्रतिज्ञेने नकार दिला. त्याला कुंडलिनीचा योगी करणे हे त्याच खटपटीचे नवे रूप आहे.

योगाविषयीही न चिडता बोलू. संयुक्त राष्ट्रांनी ११ डिसेंबर २०१४ रोजी ठराव केला आणि २१ जून २०१५ पासून योग दिन साजरा होऊ लागला. तेव्हापासून शाळांत, कार्यालयांत आसनांच्या रांगा लागतात. ज्याला आज आपण प्राचीन म्हणून ओळखतो त्यातले पुष्कळसे विसाव्या शतकात घडवले गेले. रोजच्या व्यायामाचा पाठ म्हणून सूर्यनमस्काराचा प्रचार औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी केला. लोणावळ्यात १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम काढून आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. म्हणजे व्यायाम आणि श्रद्धा हे वेगळे करता येतात. वाकल्याने कंबर मोकळी होते, तिला जात नाही आणि धर्मही नाही. ज्याची कंबर दुखते त्याने जरूर वाकावे. पण सूर्याची नावे घेऊन नमन करणे हा व्यायाम नव्हे, ती उपासना आहे. आपल्या मुलाला शाळेत ती करायला लावत असतील तर पालकांनी संविधानाचे कलम २८ वाचावे. संपूर्णपणे राज्याच्या पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही, आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित शाळेत पालकाच्या संमतीविना मुलाला उपासनेत सहभागी करता येत नाही. मुख्याध्यापकांना नम्र पण लेखी पत्र द्यावे. मुलगा आसने करील, मंत्र म्हणणार नाही, इतकेच लिहावे.

तथागतांनी स्वतः श्वास कोंडून पाहिला होता, हे आपल्यातले फार थोडे सांगतात. मज्झिम निकायातल्या महासच्चक सुत्तात ती हकीकत आहे. नाक-तोंड बंद करून श्वास रोखला, तेव्हा कानांतून वाऱ्याचा घोंगावणारा आवाज येऊ लागला, डोक्यात असह्य वेदना झाल्या, पोट कापल्यासारखे झाले, अंगाची आग झाली. सहा वर्षांच्या देहदंडानंतर त्यांनी ते टाकून दिले आणि अन्न घेतले. जगातल्या एका मोठ्या प्रयोगकर्त्याने स्वतःच्या देहावर घेतलेला हा निष्कर्ष आहे. त्यानंतर त्यांनी शिकवली ती आनापानसती. त्यात श्वास कोंडायचा नाही, ओढायचा नाही. येतो तसा येऊ द्यायचा, जातो तसा जाऊ द्यायचा आणि त्याच्याकडे लक्ष ठेवायचे. त्याला पैसे पडत नाहीत.

आणि देहाची हालचाल? भिक्खूंसाठी चंक्रमण होते. ठरलेल्या वाटेवर सजगपणे येरझाऱ्या घालायच्या. अंगुत्तर निकायात त्याचे पाच फायदे सांगितले आहेत. प्रवासाची ताकद येते, प्रयत्नाची ताकद येते, रोग कमी होतात, खाल्लेले पचते आणि लाभलेली एकाग्रता टिकते. मधुमेहाच्या रोग्याला डॉक्टर आज तरी याहून वेगळे काय सांगतात? पण चालण्याचीही हद्द आहे. सोण नावाचा भिक्खू चालून चालून पाय रक्तबंबाळ करून बसला आणि सगळे सोडून घरी जावे असा विचार करू लागला. तथागतांनी त्याला वीणेची आठवण करून दिली. तार फार ताणली तर वाजत नाही, फार ढिली सोडली तर वाजत नाही. विरियाचेही तसेच आहे.

हा सोण वाचताना मला दादा आठवतात. आम्ही त्यांची तार वर्षानुवर्षे ताणली. मोर्चा आला की दादा, उपोषण आले की दादा, खैरलांजीसारखे काही घडले की रात्री-अपरात्री दादा. जळालेली घरे, मारलेली माणसे, फुटलेले साक्षीदार पाहून हा माणूस घरी जात होता आणि कोणी त्याला विचारले नाही की, दादा, झोप लागते का? आपल्या चळवळीत किती कार्यकर्ते दारूत गेले, किती रक्तदाबाने आणि साखरेने अकाली गेले, हे प्रत्येकाने आपल्या गावापुरते आठवावे. जिथे आपण जागा रिकामी सोडली तिथे बाजार येऊन बसला. फलकवाल्याने दादांना फसवले, हे खरे. पण त्यांना कंटाळा, भीती, दुःख आहे हे त्याने ओळखले आणि आपण ओळखले नाही, हेही खरे.

विपश्यनेच्या केंद्रांवर आपले हजारो बांधव जातात. सत्यनारायण गोयंकांनी १९६९ साली भारतात ही शिबिरे सुरू केली. इगतपुरीचे धम्मगिरी १९७६ पासून चालू आहे. या दहा दिवसांच्या शिबिरांना शुल्क नसते आणि शिबिरापुरते मंत्रजप, पूजा, नाचगाणे, इतकेच काय आसनेही बंद ठेवायला सांगतात. फलकवाल्यांच्या खिचडीपेक्षा हे कितीतरी स्वच्छ आहे. पण दहा दिवसांनी तिथून परतलेला बांधव अत्याचाराच्या बातमीवर 'समता ठेवा' असे म्हणून वर्तमानपत्र मिटत असेल, तर बाबासाहेबांच्या कसोटीवर ती समाधी झाली, सम्यक समाधी झाली नाही. समता म्हणजे डोके शांत ठेवून फिर्याद नोंदवणे, आणि दोन्हीची गरज आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक वस्तीत विहार आहे. तो बहुतेक ठिकाणी रविवारी तासभर उघडतो. तिथे आठवड्यातून एक पहाट ठरवावी. वीस मिनिटे आनापान, वीस मिनिटे चंक्रमण किंवा ज्याला जमेल तो व्यायाम, नंतर अर्थासह वंदना. कोणतेही शुल्क नाही, कोणी गुरू नाही, रोग बरा करण्याचा कोणताही दावा नाही. समाजातला डॉक्टर, परिचारिका महिन्यातून एकदा बसून साखर आणि रक्तदाब तपासेल. गोळ्या कोणी सोडल्या आहेत का, हे विचारले जाईल. उपासिकांना घरकामातून सुटून यायला जमेल अशी वेळ त्यांनाच ठरवू द्यावी. आणि शेवटची पंधरा मिनिटे कामाची. कोणाची तारीख आहे, कोणाची शिष्यवृत्ती अडली आहे, कोणाच्या घरी कोणी गेले पाहिजे. ध्यानाला जोडून हे शेवटचे काम नसेल तर मला त्या ध्यानाची भीती वाटते. आणि या कामाआधी ती वीस मिनिटे नसतील तर मला आता कार्यकर्त्याचीही काळजी वाटते.

आमच्या विहारात हे सुरू होऊन काही महिने झाले आहेत. पहिल्या रविवारी सातच माणसे आली, त्यात चार महिला होत्या. पुढे थोडी वाढली. दादा येतात. एक बोट गेल्यामुळे चंक्रमणात ते सर्वांत मागे असतात. झोप रोज लागते असे ते म्हणत नाहीत, पण गोळ्या चुकवत नाहीत. गेल्या महिन्यात एका तारखेला ते साक्षीदाराला घेऊन कोर्टात आले, तीच कापडी पिशवी घेऊन.

मराठीत देहाच्या चलनवलनालाही चळवळ म्हणता येते आणि बाबासाहेबांनी उभ्या केलेल्या लढ्यालाही आपण चळवळच म्हणतो. २० मार्च १९२७ रोजी महाडला आपली माणसे रांगेने चवदार तळ्याकडे चालत गेली आणि ओंजळभर पाणी प्याली. त्या चालण्यात जी शक्ती होती ती कोणी कानात सांगितली नव्हती. ती आपल्याच पायांची होती. त्या पायांची काळजी आपणच घेतली पाहिजे.

जय भीम!